ग्लेनकाका, चित्र काढायला माणूस मिळाला नाही का?

प्रति,
ग्लेन बेंटन, स्टीव्ह आशाइम, केविन क्विरियन आणि टेलर नॉर्डबर्ग ('बॅनिश्ड बाय सिन' अल्बम काढणारी मंडळी)
मुक्काम पोस्ट डेइसाइड (सैतानाची गाणी म्हणणारा डेथ मेटल बँड), टॅम्पा, फ्लोरिडा, अमेरिका

सा. न. वि. वि. लिहायला घेतलं आणि तिथंच अडकलो, कारण साष्टांग नमस्कार आमच्याकडे देवाला नाहीतर वडीलधाऱ्यांना घालतात, आणि तुमच्या बँडच्या नावाचाच अर्थ देवाची हत्या. पण ग्लेनकाका, तुम्ही 1967 चे, म्हणजे माझ्या धाकट्या काकांच्या वयाचे, तेव्हा वडीलधारे म्हणून घालतो नमस्कार, चालवून घ्या. आणि ग्लेनकाका म्हणतोय त्याचा राग मानू नका, कपाळावर उलटा क्रॉस डागून घेतलेल्या माणसाला नुसतं नावानं हाक मारायची आमची हिंमत नाही.

तुमच्या नव्या अल्बमच्या एआयनं काढलेल्या कव्हरवरनं भांडायला हे पत्र लिहितोय, पण आधीच सांगतो, मी तुमचा जुना गिऱ्हाईक आहे. कोल्हापूरचा. आमच्या ग्रुपमध्ये तुमच्या नावाचा उच्चार कुणालाच धड यायचा नाही, एक डिसाइड म्हणायचा, एक डायसाइड, एकजण तर बिनधास्त डी-साइड म्हणायचा, म्हणजे कॅसेटची ए साइड बी साइड असते तशी. तुमचं पहिलं जे ऐकलं ते कॉपी केलेल्या कॅसेटवर, कव्हरच्या जागी झेरॉक्स, आणि ती पण झेरॉक्सची झेरॉक्स, त्यामुळे नेमकं काय छापलंय ते समजायला अर्धा तास गेला आणि तेवढ्यात 'लीजन' संपला पण होता. 1992 चा तो अल्बम जेमतेम 29 मिनिटांचा. स्टीव्हकाका, त्या 29 मिनिटांत तुम्ही ड्रम्सवर जे केलंय ना ते ऐकून आमच्या घरचा पंखा आवाज करतोय असं समजून आईनं स्विच बंद केला होता.

देवाला शिव्या घालण्याचं म्हणाल तर त्याचं आम्हाला विशेष काही वाटलं नाही. आमच्याकडं जनाबाईनं सातशे वर्षांपूर्वी विठ्ठलाला अशा शिव्या घातल्यात की तुमचा आख्खा दुसरा अल्बम त्यापुढं सौम्य वाटावा. फरक एवढाच की तिचं भांडण घरातलं होतं, तुमचं कोर्टातलं आहे.

असो. मुद्द्यावर येतो.

26 एप्रिल 2024 ला तुमचा 'बॅनिश्ड बाय सिन' आला. तेरावा अल्बम. 2018 च्या 'ओव्हरचर्स ऑफ ब्लास्फेमी' नंतर साडेपाच वर्षांनी. एवढी वर्षं वाट बघितल्यावर माणूस घाबरतो, कारण जुन्या बँडचा नवा अल्बम म्हणजे कॉलेजातल्या मैत्रिणीला वीस वर्षांनी भेटायला जाण्यासारखं, जायचं पण असतं आणि दारातनं परत फिरावंसं पण वाटतं. पण ऐकला आणि खरं सांगतो, बरा नाही, चांगला आहे. बारा गाणी, एकही लांबलेलं नाही. ग्लेनकाका तुमचा आवाज सत्तावन्नाव्या वर्षाच्या उंबरठ्यावर असा निघतोय हे बघून मला माझ्या गुडघ्यांची लाज वाटली. स्टीव्हकाकांचे पाय तसेच. गिटारवाला टेलर 2022 मध्ये आला, म्हणजे बँडमध्ये तेव्हा नवाच, पण सोलो असे घेतलेत की मधेच रिफ (गिटारची परत परत येणारी धून) सोडून त्याच्याकडंच कान जातो, 2006 च्या 'द स्टेंच ऑफ रिडेम्प्शन' वर राल्फ सँटोला घ्यायचा ना, थोडं तसं. (राल्फ स्वतः कॅथलिक होता आणि तुमच्या बँडमध्ये वाजवत होता ही माझ्या आवडत्या गोष्टींपैकी एक. असल्या भानगडी फक्त माणसंच करू शकतात. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.)

आता कव्हर.

फेब्रुवारीत ते कव्हर पहिल्यांदा दाखवलंत आणि जगभरच्या मेटलवाल्यांनी बघताक्षणी ओळखलं की हे एआयचं काम आहे. मी पण ओळखलं. ओळखायला काही चष्मा लागत नाही, त्या चित्रांना एक तुकतुकीतपणा असतो, लग्नाच्या अल्बममध्ये फोटोग्राफरनं नवरीचा चेहरा गुळगुळीत करून टाकलेला असतो तसा. सगळं आहे, शिंगं आहेत, अंधार आहे, भीती मात्र नाही. मी चित्र मोठं करून करून बघत बसलो, कुठंतरी एखादी जागा सापडेल जिथं कुणीतरी अडलंय, चुकलंय, परत काढलंय. तसं काही सापडत नाही. ते चित्र काढताना कोणी कंटाळलेलंच नाहीये हो.

आणि हे तुमच्याकडून! डेथ मेटलच्या पंढरीतल्या टॅम्पावाल्यांकडून! म्हणजे चित्रांची किंमत तुम्हाला मी सांगायची?

जुनी गोष्ट आठवून देतो, तुमच्याच जुन्या लेबलची, म्हणजे रेकॉर्ड कंपनीची आहे. 1989 ला रोडरनरनं ब्राझीलच्या सेपल्तुरा बँडचा 'बिनीथ द रिमेन्स' काढला. सेपल्तुराच्या पोरांना कव्हरसाठी चित्रकार मायकेल व्हेलनचं एक चित्र हवं होतं, एच. पी. लव्हक्राफ्टच्या भयकथांच्या पुस्तकांसाठी काढलेलं. लेबलनं ते त्यांना दिलं नाही, त्याच चित्रकाराचं दुसरं, लाल कवटीचं दिलं, आणि पहिलं चित्र गेलं तुमच्या गावच्या ओबिच्युअरी बँडला, 1990 च्या 'कॉज ऑफ डेथ' वर. तोवर सेपल्तुराच्या इगोरनं त्या चित्रातला तुकडा अंगावर गोंदवून पण घेतला होता! म्हणजे विचार करा, ड्रमरच्या कातडीवर जे चित्र आहे ते कव्हर म्हणून दुसऱ्याच बँडच्या अल्बमवर. सेपल्तुरावाले किती तापले असतील. एका चित्रावरनं एवढी रुसवाफुगवी व्हायची काका तेव्हा. उद्या तुमच्या नव्या कव्हरसाठी कोणी भांडेल का? कुणाला आवडलंच तर तो भांडणार कशाला, दोन ओळी टाइप करून आणखी चाळीस काढून घेईल.

आणि बाकीचे डेथ मेटल बँड पण बघा की. मॉर्बिड एंजलच्या 'अल्टर्स ऑफ मॅडनेस' ला डॅन सीग्रेव्ह, 1989. डेथ नावाच्या बँडच्या पहिल्या तीन अल्बमना एड रेप्का. कॅनिबल कॉर्प्सला 1990 पासून व्हिन्सेंट लॉक, तोच माणूस, गायक बदलला, गिटारवाले बदलले, बँड बफेलोहून तुमच्याकडं राहायला आला, पण आतडी काढायला आजही लॉकच. तीस वर्षांहून जास्त काळ एका बँडबरोबर एक चित्रकार, आमच्याकडं एवढी वर्षं लोक घरचा वाणी पण टिकवत नाहीत.

लांब कशाला, तुमच्याच मागच्या अल्बमचं घ्या. 'ओव्हरचर्स ऑफ ब्लास्फेमी' चं कव्हर पोलंडच्या झ्बिग्निएव्ह बिएलाकनं केलेलं. हे नाव देवनागरीत लिहायला मला तीन मिनिटं लागली पण लिहिलं, कारण लिहायला नाव तरी आहे. तो माणूस आर्किटेक्चर शिकलेला, त्यामुळे त्याच्या चित्रांत रेषेवर रेषा, कमानीत कमान, नजर आत गेली की बाहेर यायची वाट मिळत नाही. अल्बम सुरू करून मी ते कव्हर बघत बसायचो आणि पाचव्या-सहाव्या गाण्याला काहीतरी नवीन दिसायचं. नव्या कव्हरवर पहिल्या गाण्याच्या पहिल्या मिनिटात काम झालं. मग मी फोन उलटा ठेवला आणि नुसतं ऐकलं.

आता तुम्ही म्हणाल, कोण हा बाबा, टेक्नॉलॉजीच्या नावानं बोटं मोडतोय. तर नाही. मला माहितीये तुमच्या 1990 च्या पहिल्या अल्बमवर प्रोड्यूसर स्कॉट बर्न्सनं मॉरिसाउंड स्टुडिओत तुमचा खालचा आवाज आणि वरची किंकाळी एकावर एक चढवली होती, एका घशातनं एका वेळी ते निघणं शक्यच नाही. त्या मशिनच्या करामतीवर तर आम्ही फिदा झालो. डेथ मेटलमध्ये कितीतरी जण ड्रम्सना ट्रिगर (ठोका पडला की आधीच रेकॉर्ड केलेला आवाज वाजवणारं यंत्र) लावतात, चुकलेला ठोका कॉम्प्युटरवर सरकवतात, सगळ्यांना ठाऊक आहे, कोणी सोवळं नाही. मी स्वतः हे पत्र फोनवर लिहितोय आणि कीबोर्ड दर दोन शब्दांनी मला पुढचा शब्द सुचवतोय (डेइसाइड लिहिलं की 'डॉक्टरसाहेब' सुचवतोय, घ्या). पण तुमच्या त्या दोन आवाजांत दोन्ही आवाज तुमचेच होते ना काका. घसा तुमचाच फाटला होता. मशिननं तो मोठा केला, तयार नाही केला.

याच्यावर मला एवढा राग का येतोय याचं कारण थोडं घरचं आहे, सांगून टाकतो.

माझे मामा पेंटर. भिंतीला रंग देणारे नव्हेत, बोर्ड पेंटर. दुकानांच्या पाट्या, टेम्पोच्या मागची नावं, तालमीच्या भिंतीवरचा मारुती, आणि उमेदीच्या काळात थिएटरवरची सिनेमाची मोठी बॅनर्स. कोल्हापुरात या धंद्याला मान होता, जिथं बाबूराव मेस्त्री नावाचा माणूस चित्रं काढून काढून बाबूराव पेंटर झाला आणि पुढं सिनेमे काढले, त्या गावात पेंटर ही पदवीच. मामांच्या हातात ब्रश असला की आम्ही पोरं खाली उभं राहून बघायचो, वीस फुटी हिरोचा डोळा ते शिडीवरनं काढायचे, जवळनं त्यांना स्वतःला काय दिसत असेल कोण जाणे, खाली येऊन रस्ता ओलांडून बघायचे आणि परत वर चढायचे. आणि सगळ्यात शेवटी कोपऱ्यात सही.

कॉलेजला असताना मी त्यांना 'अल्टर्स ऑफ मॅडनेस' चं कव्हर दाखवलं होतं, मित्राची ओरिजिनल सीडी होती. वाटलं शिव्या घालतील, भुतंखेतं काय घरात आणतोस म्हणून. त्यांनी चष्मा लावला, सीडी खिडकीजवळ नेली आणि ती तोंडं मोजायला लागले. एकात एक घुसलेली तोंडंच तोंडं आहेत त्यात. मोजताना दोनदा चुकले, मग सोडून दिलं आणि म्हणाले, "किती दिवस लागलं असतील रं ह्येला?" भुतांबद्दल एक अक्षर नाही. दिवस किती लागले ते.

मग फ्लेक्स आले. तुमच्याकडं काय म्हणतात माहीत नाही, प्लास्टिकच्या कापडावर मशिननं छापलेले बोर्ड. दोन-तीन वर्षांत सगळं गाव फ्लेक्सचं झालं. वाढदिवस फ्लेक्स, बारसं फ्लेक्स, श्रद्धांजली फ्लेक्स. स्वस्त, एका रात्रीत तयार, आणि पाऊस पडला की तोच फ्लेक्स झोपडीवर टाकायला पण उपयोगी. लोकांनी घेतले त्यात लोकांची चूक नाही, मी पण भावाच्या लग्नाला फ्लेक्सच लावला आणि मामा त्याच्याखालनंच मांडवात आले. काही बोलले नाहीत. वर बघितलं, कोपऱ्यात बघितलं, तिथं छापणाऱ्याचा मोबाइल नंबर होता.

म्हणून फ्लेक्सवाल्या नगरसेवकाला मी माफ करतो पण तुम्हाला नाही करू शकत. त्याला चारशे फ्लेक्स उद्या सकाळी हवे असतात. तुम्हाला साडेपाच वर्षांत एक चित्र हवं होतं. एक!

पैशाचं म्हणाल तर मला समजतं, स्ट्रीमिंगमधून काही मिळत नाही, टीशर्ट विकून डिझेलचा खर्च निघतो, लेबलं पण हात आखडता घेतात. पण टीशर्टवर काय असतं हो? कव्हरच असतं ना. छातीवर घेऊन फिरायचं ते चित्र. माझ्याकडं तुमचे तीन टीशर्ट आहेत, एक इतका विरलाय की बायको त्यानं गाडी पुसायला निघाली होती, हातातनं हिसकावून घेतला. नव्या अल्बमचा टीशर्ट मी घेतला नाही. आवडता अल्बम असून. हे तुमच्या हिशेबात कुठं धरणार ते बघा.

आणि सुधारता येत नाही असंही नाही. हॉलंडचे पेस्टिलन्स बँडवाले, ज्यांच्या 1991 च्या 'टेस्टिमनी ऑफ द एन्शंट्स' ला साक्षात सीग्रेव्हचं कव्हर होतं, त्यांनी पण त्याच सुमारास, 2024 मध्येच, 'लेव्हल्स ऑफ पर्सेप्शन' ला एआयचं कव्हर लावलं. लोकांनी धू धू धुतलं. त्यांनी कव्हर बदललं. नाक कापलं नाही कोणाचं. तुम्ही मात्र ठेवलंत तसंच. हट्टीपणा तुमचा गुण आहे मान्य आहे, 1992 ला स्टॉकहोमला तुमच्या शोमध्ये बॉम्ब फुटला तरी तुम्ही दौरे थांबवले नाहीत, पण तो हट्ट आणि हा हट्ट एकाच मापात बसत नाही. तिथं समोर बॉम्ब ठेवणारे होते. इथं समोर आम्ही आहोत, पैसे देऊन तुमच्या शिव्या ऐकणारे.

आणि शब्द फिरवायला तुम्ही लाजता असंही नाही. 33व्या वर्षी जीव देणार म्हणून जाहीर केलं होतंत. 2000 साल आलं, तुम्ही तेहतीस पूर्ण केलीत, जीव काही दिला नाहीत, त्या वर्षी 'इन्सिनरेटहिम' काढलात (ज्याच्याबद्दल काही फॅन्सचं म्हणणं आहे की... जाऊ दे). आम्ही तेव्हा हसलो आणि मनातनं खूश पण झालो, कारण तुम्ही राहिलात म्हणून पुढं 'स्कार्स ऑफ द क्रुसिफिक्स' आला, 'स्टेंच' आला, हा नवीन आला. एवढा मोठा शब्द फिरवून जो माणूस चोवीस वर्षांहून जास्त मजेत गातोय त्याला एक कव्हर फिरवायला काय अडचण आहे?

मला माफी वगैरे नको. इंटरव्ह्यूत स्पष्टीकरण पण नको, त्यात तुम्ही काहीतरी बोलाल आणि आम्ही परत महिनाभर भांडत बसू. पुढच्या वेळी या अल्बमचं व्हायनल (काळी तबकडी) नव्यानं छापायला घ्याल तेव्हा एखाद्या माणसाला बोलवा. टॅम्पातलाच बोलवा, पोलंडचा बोलवा, इंडोनेशियात पोरं असली भयानक चित्रं काढतात की झोप उडते, त्यातला एखादा बोलवा. त्याला गाणी ऐकवा, महिनाभर वेळ द्या, पहिलं स्केच आवडलं नाही तर नाही म्हणा, तो चिडेल, दुसरं काढेल. चौदाव्या अल्बमला तर हे कराच. आणि त्याला कोपऱ्यात सही करू द्या, म्हणजे आवडलं नाही तर शिव्या कोणाला घालायच्या ते तरी आम्हाला कळेल.

पत्र लांबलं. स्टीव्हकाका, गुडघ्यांना जपा, आमच्याकडं निर्गुडीचं तेल चांगलं मिळतं.

तुमचाच (कव्हर सोडून),
कोल्हापूरचा एक जुना गिऱ्हाईक

ता. क. हे पत्र पाठवायच्या आधी मामांना तुमचं नवं कव्हर दाखवलं. मामा आता सत्तरीला आलेत, पाट्या बंद झाल्यापासून शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत गणपतीचे डोळे आखतात, ते काम मशिनला अजून जमलेलं नाही, डोळे चुकले की आख्खी मूर्ती वाया. त्यांनी फोन हातात घेतला, चष्मा लावला, दोन बोटांनी चित्र मोठं करून चारी कोपरे बघितले. म्हणाले, "सही कुठाय?" मी म्हटलं नाहीये, कॉम्प्युटरनं काढलंय. मग म्हटलं, अमेरिकेतला बँड आहे, सैतानाची गाणी म्हणतात, तुम्ही काढाल का त्यांना एक चित्र? थोडा विचार केला त्यांनी. म्हणाले, "सैतानाचं डोळं बी आखून दिऊ की, त्यात काय. पर गणपतीचा शिजन झाल्यावर. आन् निम्मं पैसं आधी."

तेव्हा काका, अनंत चतुर्दशीनंतर कधीही कळवा.